किल्ल्यापुढचे खोटे गलबत

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या आळीतली पोरे दगडमाती गोळा करू लागतात, आणि वसुबारसेच्या सुमारास घराघरापुढे किल्ले उभे राहतात. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायचे, बुरूज थापायचे, अळीव पेरायचे, गेरूने तट रंगवायचा, पायऱ्यांवर मावळे मांडायचे आणि सिंहासनावर महाराजांना बसवायचे. या किल्ल्यांवर माझे मनापासून प्रेम आहे. त्यांत मावळा बुरुजाएवढा असतो आणि वाघ दरवाज्याहून मोठा असतो. त्याला कोणी हसत नाही आणि हसूही नये. पोराने आपल्या हाताने चिखल कालवून केलेला तो खेळ आहे, आणि आपण खेळ आहोत हे तो लपवीत नाही.

माझे भांडण किल्ल्याशी नाही. किल्ला सिंधुदुर्ग असला की त्याच्यापुढे परातीतल्या निळ्या पाण्यात जे गलबत ठेवतात, त्याच्याशी आहे.

हे गलबत पोर करीत नाही. ते बाजारातून येते. मागे दोन मजली माडीसारखा उंच भाग, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्यांच्या रांगा, पोट खोल, आणि एकंदर डौल असा की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातली दर्यावर्दी राष्ट्रे जे गॅलिअन नावाचे जहाज वापरीत त्याची ही नक्कल. घरी आणल्यावर त्याच्या डोलकाठीला भगवा कागद चिकटवला की झाले मराठ्यांचे आरमार! ज्या फिरंग्यांना दर्यावर धाक बसावा म्हणून महाराजांनी आरमार उभारले आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या फिरंग्यांचेच जहाज आपण दरवर्षी महाराजांच्या पायाशी त्यांचे म्हणून नांगरून ठेवतो; आणि आल्यागेल्याला मोठ्या अभिमानाने दाखवतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, सणासुदीला हे काय काढलेत? पोरांचा खेळ आहे, खेळू द्या की!" खेळू द्या, जरूर खेळू द्या. पण पोरांचा खेळ आणि थोरांचा आळस यांत फरक आहे. ते गलबत पोराने निवडलेले नाही. ते आपण विकत आणले, कारण खरे कसे होते ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यावे असेही आपल्याला कधी वाटले नाही.

या 'आपण'मध्ये मी पहिला आहे. मी कादंबऱ्या लिहितो. त्यांतल्या एकीत आंग्र्यांच्या गुराबेवर मी एक पूर्ण प्रकरण खर्ची घातले. कुशींना तोफांच्या तीन रांगा, मागे सरदाराची माडी, माडीला नक्षीच्या खिडक्या: सगळे इंग्रजी चित्रांतून उचललेले. प्रकरण वाचून पुष्कळांनी पाठ थोपटली. चूक एकानेही दाखवली नाही. ही गोष्ट मला पाठ थोपटण्यापेक्षा अधिक लागली, पण ती पुष्कळ उशिरा.

खरी गुराब कशी असे? रॉबर्ट ऑर्म नावाच्या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने तिचे वर्णन नीट लिहून ठेवले आहे. बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची, दोनांची दीडशेच्या आतली. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात थोडीच बुडणारी, म्हणजे उथळ खाडीत शिरता येईल अशी. पुढे भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी लांब निघालेली चोच, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. तिच्या जोडीचे गलबत त्याहून लहान. मोठ्यातले मोठे सत्तर टनांचे. त्याला एक भले मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की ही वल्ह्यांची गलबते गुराबांना दोर लावून शत्रूवर ओढीत नेत. आता सांगा, हे बाजारातल्या त्या माडीवाल्या जहाजासारखे कुठे दिसते? त्या जहाजाचे बळ खोल पाण्यात आणि कुशीच्या तोफांत. आमच्या गुराबेचे बळ उथळ पाण्यात आणि चोचीवरच्या तोफांत. आकार बदलला की लढाईच बदलते. खोटे गलबत ठेवणारा माणूस नुसती लाकडाची चूक करीत नाही. कान्होजी आंग्रे कसे लढले हेच त्याला कळलेले नसते.

आणि हे वर्णन आम्हाला इंग्रजाच्या पुस्तकात शोधावे लागते! १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली इंग्रजांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. लाकूड जळाले, ते जळणारच. पण माप का राहू नये?

इथे दुसरे एक सद्गृहस्थ पुढे येतात. ते म्हणतात, "जहाजांचे नमुने करणे हा रिकामटेकड्यांचा छंद. पेन्शनीत निघालेल्या माणसाने काड्या चिकटवीत बसावे. त्यात कसले माप आणि कसला इतिहास!" यांना मी अदबीने सांगेन की ज्या इंग्रजांनी जगाच्या दर्यांवर राज्य केले, त्यांनी हा छंद रिकामटेकड्यांवर सोडला नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकांत त्यांच्या नौदलासाठी जहाजांचे नेमके नमुने होत. त्यांचे नेहमीचे प्रमाण फुटाला पाव इंच, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढे. तळाच्या फळ्या बहुधा लावीत नसत, त्यामुळे आतल्या फासळ्या दिसत. ते नमुने आजही तिकडच्या संग्रहालयांत आहेत. पुढे विल्यम फ्रूड नावाच्या इंजिनिअराने १८७० नंतरच्या दोनचार वर्षांत टॉर्की गावी लांबलचक हौद बांधला आणि त्यात मेणाचे नमुने ओढून पाणी जहाजाला किती अडवते याचा हिशेब बसवला. नमुना लांबीने सोळावा हिस्सा असेल तर तो खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगाने ओढावा, तेव्हा त्याच्या लाटा खऱ्यासारख्या उठतात, हे त्याने दाखवून दिले. आजही मोठे जहाज बांधण्याआधी त्याचे पोर हौदात पोहवतात. हा पोरखेळ असेल तर जगातली गोदी न् गोदी पोरखेळावर चालली आहे असे म्हणावे लागेल.

गृहस्थ पुन्हा म्हणतात, "पैशाचे काय? हे श्रीमंतांचे चोचले." तेही खोटे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या आणि नेपोलियनच्या लढायांत पकडलेले फ्रेंच कैदी इंग्लंडात नॉर्मन क्रॉसच्या तळावर १७९७ पासून १८१४ पर्यंत ठेवले होते. त्यांनी जेवणातल्या मांसाची हाडे उकळून, घासून, तासून जहाजांचे नमुने केले आणि कोटाच्या दरवाज्याशी भरणाऱ्या बाजारात विकले. आज ते सोन्याच्या मोलाने जपले जातात. ज्याच्याजवळ ताटातल्या हाडाखेरीज काही नव्हते त्यानेही जहाज केले. आणि आपल्याला वेळ नाही!

तिसरा गट खुद्द हौशी लोकांचा. यांच्याशी मी नरमाईने बोलतो, कारण ते माझे भाईबंद आहेत. परदेशातून खोका येतो. त्यात कापलेल्या फळ्या, पितळेच्या तोफा, दोऱ्याची रिळे आणि नकाशा. वर्ष-दोन वर्षे खपून माणूस नेल्सनचे 'व्हिक्टरी' किंवा १८६९ सालचे 'कटी सार्क' पुरे करतो. मी त्याला नावे ठेवणार नाही. ज्याने एकदा डोलकाठीचे सारे दोर आपल्या हाताने बांधले, त्याला वारा कुठून येतो आणि ताण कुठे जातो हे पुस्तकी पंडितापेक्षा चांगले कळते. मला त्याला एवढेच विचारायचे आहे: त्या खोक्यातला नकाशा आला कुठून? कोणीतरी आधी त्या जहाजावर चढला, फूटपट्टी घेऊन वाकला, लिहून घेतले, जपून ठेवले. 'व्हिक्टरी'चा खोका मिळतो, कारण 'व्हिक्टरी' मोजली गेली आहे. फत्तेमारीचा खोका मला तरी कुठल्या दुकानात दिसला नाही.

आणि बांधणारे हात आपल्याकडे नव्हते असे थोडेच आहे? लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून सुतार घेऊन मुंबईला आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची अशी जहाजे बांधली की इंग्रजांच्या नौदलाने ती आपली म्हणून मिरवली. १८१३ साली पाण्यात उतरलेल्या मुंबईच्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह सह्या होऊन पुरा झाला. १८१७ मध्ये बांधलेले 'त्रिंकोमाली' आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. ती जहाजे नकाशावरून बांधली गेली, म्हणून त्यांची मापे राहिली. पण कोकणच्या खाड्यांत ज्या मेस्त्रींनी मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या बांधल्या, त्यांचा नकाशा त्यांच्या डोळ्यांत आणि हातांत होता. मेस्त्री गेला की नकाशा गेला.

त्यातून जे थोडे वाचले ते कोणामुळे? एदमाँ पारीस नावाचा एक फ्रेंच नौदल अधिकारी जगाच्या सफरींत जिथे जिथे नांगर पडेल तिथे किनाऱ्यावर उतरून तिथल्या होड्या मोजीत असे. युरोपाबाहेरच्या लोकांच्या नौकांवरचा त्याचा ग्रंथ १८४० नंतरच्या दोनतीन वर्षांत निघाला. आपल्या किनाऱ्यावरची फत्तेमारी त्यात आहे. १८७१ मध्ये तो पॅरिसच्या नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाला, आणि आपल्या आराखड्यांवरून त्याने नमुने करवून घेतले. म्हणजे फत्तेमारी कशी होती हे पाहायला आपण फ्रेंच माणसाचे पुस्तक उघडायचे. त्याचे उपकार मी मानतो. पण तो काही आठवड्यांचा पाहुणा होता, आणि आपण इथले राहणारे!

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगतो. ती सांगायचीच म्हणून हा लेख लिहायला घेतला.

२०१६ साली आमच्या भागातल्या एका शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन होते. परीक्षक आम्ही तिघे. त्यांतले एक शहरातून आलेले पाहुणे. टेबलावर दोन जहाजे होती. एक चकचकीत, माडीवाले, भगव्या झेंड्याचे. त्याचे तयार भाग बाजारातून आणलेले होते, आणि ते जोडण्यातही मुलापेक्षा बापाचाच हात अधिक होता हे कोणालाही दिसले असते. दुसरे एका रापणकराच्या नातवाने केले होते. पांगाऱ्याच्या लाकडाची लांबट होडी. ना रंग, ना शीड. फळ्या एकमेकींना दोऱ्याने शिवलेल्या. एका बाजूला दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकांना एक ओंडका बांधलेला.

पाहुण्यांनी ते उचलले, फिरवून पाहिले आणि म्हणाले, "हे एका अंगाला कलते आहे. ही काठी कशाला? आणि खिळे नव्हते का घरी? शिवण अगदी ओबडधोबड."

मुलगा हळूच म्हणाला, "उलांडी नाय तर होडी उलटतली."

पाहुण्यांना ते कळले नाही. मला कळले. उलांडीची होडी मी लहानपणापासून रोज सकाळी पाहत आलो आहे. अरुंद होडी लाटेत उलटू नये म्हणून बाजूला बांधलेला तो तरंगता ओंडका, आणि काथ्याने शिवलेल्या फळ्या. खिळ्याने घट्ट धरलेली फळी किनाऱ्यावर आपटली तर फुटते. शिवलेली लवते, म्हणून रापणीची होडी शिवायची. हे सगळे मला ठाऊक होते, आणि मी तोंड उघडले नाही. पाहुण्यांचा मान, कार्यक्रमाची वेळ, चहा थंड होतोय, असली काहीतरी कारणे. पाहुण्यांनी कागदावर लिहिले, 'प्रमाणबद्धता नाही.' त्याखाली मी सही केली. पहिले बक्षीस माडीवाल्या जहाजाला गेले. मुलाने आपली होडी सदऱ्याच्या टोकाने पुसली, बगलेत धरली आणि तो घरी गेला.

नऊ वर्षे गेली. मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात 'कौंडिण्य' नावाचे जहाज दाखल झाल्याची बातमी आली. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेले, गोव्यात बांधलेले, आणि शिवलेले! केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी काथ्याने फळी फळीला शिवून ते उभे केले. जुना नकाशा कुठलाच नव्हता. चित्रावरून आकार ठरवावा लागला, आणि त्याचा नमुना मद्रासच्या आयआयटीत पाण्यात तपासून घ्यावा लागला. वर्तमानपत्रांत कौतुक, मंत्र्यांची भाषणे, मोठी मोठी छायाचित्रे. मी ते वाचीत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच अक्षर होते: 'शिवण अगदी ओबडधोबड', आणि त्याखाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. आता तो बाप्या झाला आहे. फायबरच्या होडीवर यंत्र चालवतो. आजोबा वारले होते. त्यांची होडी कुजली म्हणून फोडली आणि दोन पावसाळे चुलीत घातली. मी विचारले, "आणि तुझी लहान होडी?" त्याने माळ्यावरून ती काढून आणली. उलांडीची एक काठी मोडली होती. बाकी सगळे जागच्या जागी होते.

मी खिशातली फूटपट्टी काढली. लांबी साडेसोळा इंच, रुंदी सव्वादोन इंच. मी म्हणालो, "ही प्रमाणात असती, तर मोठी होडी केवढी होती ते कळले असते रे."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "गुरुजी, प्रमाणातच आसा. आजोबान सांगल्यान, हाताक एक बोट धर."

हाताला एक बोट! क्षणभर मला समजले नाही. मग समजले आणि खाली बसावेसे वाटले. बोटभर म्हणजे एक अंगुळ, आणि चोवीस अंगुळांचा एक हात. हे जुने कोष्टक आपल्या आजा-पणजांना तोंडपाठ असे. म्हणजे ही होडी खरीच्या बरोबर चोविसाव्या हिश्श्याएवढी होती. युरोप-अमेरिकेतले नमुने करणारे फुटाला अर्धा इंच धरतात, तेही चोविसावा हिस्साच. अक्षरशत्रू रापणकराने आपल्या हाताने आणि बोटाने तेच प्रमाण धरले होते, आणि आम्ही तिघा शिकल्यासवरलेल्यांनी त्यावर 'प्रमाणबद्धता नाही' असे लिहून सह्या ठोकल्या होत्या.

पाऊण इंचाचे बोट धरून हिशेब केला. बावीस बोटे, म्हणजे बावीस हात, म्हणजे तेहेतीस फूट. तीन बोटे, म्हणजे तीन हात, म्हणजे साडेचार फूट. चुलीत गेलेली होडी माझ्यासमोर तिच्या लांबीरुंदीसह उभी राहिली. तो म्हणाला, "मोठी गेली, गुरुजी. ही रवली." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला कोळ्यांनी आणि रापणकरांनी पुन्हा लाकडी होड्या वल्हवायला हव्यात तर! मुळीच नाही. असे म्हणणारे पुष्कळ रसिक असतात. त्यांना स्वतःला मात्र वल्हे मारायचे नसते. फायबरची होडी हलकी, तिला डागडुजी कमी, दरसाल तेल पाजावे लागत नाही. ज्याचे पोट दर्यावर आहे त्याने ती घ्यावी आणि सुखाने मासे मारावेत. आपल्या डोळ्यांना बरे दिसते म्हणून दुसऱ्याने कुजकी होडी सांभाळावी असे म्हणणे हा शुद्ध स्वार्थ आहे. म्हणूनच तर नमुना हवा! नमुना केला की खरी होडी सोडून देता येते. होडी जाऊ द्या, माप ठेवा. माझे म्हणणे एवढेच आहे. तेहेतीस फुटांची होडी कोणाच्या घरात मावत नाही. साडेसोळा इंचांची माळ्यावर मावते.

शाळामास्तर म्हणून आणखी एक सांगतो. आपण मुलांकडून घन पाठ करून घेतो. चोवीसचा घन तेरा हजार आठशे चोवीस. पोर घडाघडा म्हणते आणि विसरते. त्याच्या तळहातावर होडीचा नमुना ठेवा आणि सांगा: बाळा, ही लांबीने चोविसावा हिस्सा, मग वजनाने कितवा? तेरा हजार आठशे चोविसावा! नमुना खऱ्या होडीच्याच लाकडाचा असून शंभर ग्रॅम भरला, तर होडी सुमारे चौदाशे किलोची. मग ती वाळूवरून ओढायला किती माणसे लागत असतील याचा विचार पोर आपणहून करू लागते. गणित, इतिहास, भूगोल आणि शेजारच्या माणसाविषयी आदर एकाच तासात शिकवता येतो. आणि आपण पोरांना 'प्रोजेक्ट' लावतो, जो बाप रात्री जागून करतो आणि दुकानदार दिवसा विकतो.

करायला फार काही लागत नाही. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एखादी जुनी होडी पाहा. मालकाला विचारा; तो नाही म्हणणार नाही, उलट जवळ येऊन उभा राहील आणि तुम्ही विचारले नाही तेही सांगेल. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणा. दर दोन हातांवर खूण करा आणि प्रत्येक खुणेशी रुंदी आणि खोली लिहून घ्या. भागाभागांची नावे त्याच्याच तोंडची लिहा, पुस्तकातली नव्हेत. घरी येऊन प्रमाण ठरवा आणि ते नमुन्याच्या तळाशी कोरा. नाहीतर पन्नास वर्षांनी एखादा शहाणा परीक्षक येईल. पातळ फळ्या होडीच्या आडव्या कापांच्या आकारात कापून पोळ्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटवा, मग बाहेरून तासा. दोरा मेणावरून ओढून घ्या, म्हणजे त्याची लव बसते. इंचभर जाडीचा दोर चोविसाव्या हिश्श्यात मिलिमीटरभर होतो. कपडे वाळत घालायची सुतळी तिथे लावाल तर ते अजगर दिसेल. पहिला नमुना वाकडा होईल. दुसरा कमी वाकडा होईल. पण तो वाकडेपणा तुमचा असेल, आणि माप खरे असेल.

आणि ज्यांना समुद्र लांब पडतो त्यांनी खट्टू होऊ नये. मी फक्त गलबताचेच बोलतो आहे असे नाही. कृष्णेकाठची नाव असेल, घरातली बैलगाडी असेल, मोट असेल; जी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे आणि जिला मोजणारा माणूस अजून घरात आहे, ती मोजा. माणूस गेल्यावर रडायला सगळेच येतात. तो असताना फूटपट्टी घेऊन कोणी येत नाही.

त्या मुलाची होडी मी मागितली नाही. मागण्याचा हक्क मी २०१६ मध्येच घालवला होता. मी फक्त तिची मापे उतरवून घेतली आणि मोडलेल्या उलांडीसाठी एक काठी तासून दिली. ती त्याने बसवली. माझी काठी थोडी जाड झाली आहे, हेही त्याने सांगितले. तीन दिवसांनी मी दुसरी नेऊन दिली.

यंदा आमच्या दारातल्या सिंधुदुर्गापुढे बाजारातले गलबत नाही. माझ्या धाकटीने त्या मापांवरून केलेली उलांडीची होडी आहे. ती लढाऊ नाही, तिच्यावर तोफ नाही, झेंडाही नाही. आल्यागेल्यांपैकी दोघांतिघांनी विचारले, "हे काय? गलबत कुठे आहे?" धाकटी त्यांना कोष्टक सांगते: चोवीस बोटांचा एक हात. मग बहुतेक जण आपले बोट आपल्या हाताला लावून पाहतात.